लिनक्सवर वायफाय चालत नाही: कार्डापासून राउटरपर्यंत बिघाड कसा शोधायचा

तुमचा प्रश्न मला असा समजला: लॅपटॉपवर नव्यानं उबुंटू हे लिनक्स टाकलं, स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळं लगेच चाललं, पण वायफायच्या जागी ‘वायफाय अ‍ॅडॅप्टर सापडला नाही’ एवढंच दिसलं. मग मिळतील तिथून कमांड घेऊन चालवल्या, गिटहब या संकेतस्थळावरचा एक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कंपाइल करून बसवला, आणि आता नेटवर्क कधी दिसतं, कधी गायब होतं. कार्ड बदलायचं की लिनक्स सोडायचं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही करू नका. ‘वायफाय चालत नाही’ या एका वाक्यामागे आठ-दहा वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर नवा तयार होतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. म्हणून बिघाड कोणत्या थरात आहे हे ठरेपर्यंत एकही सेटिंग बदलायचं नाही, एवढं पथ्य पाळा. थर ठरवणं अवघड नाही, कारण लिनक्स याबाबतीत फार बोलकं आहे. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक पायरीवर काय झालं ते लिहून ठेवतो. ते वाचायची सवय नसते, एवढीच अडचण.

थर खालून वर असे आहेत. सर्वांत खाली प्रत्यक्ष कार्ड आणि ते ज्या बसवर, म्हणजे जोडणीच्या मार्गावर, बसलंय ती पीसीआय किंवा यूएसबी. त्यावर कर्नलमधला ड्रायव्हर. ड्रायव्हर कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला जी फाइल पुरवतो ते फर्मवेअर. मग रेडिओ चालू-बंद ठेवणारं आरएफकिल. त्यावर कर्नलचा वायरलेस भाग, म्हणजे मॅक८०२११ आणि सीएफजी८०२११. त्याच्यावर पासवर्डची देवाणघेवाण करणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट, काही ठिकाणी त्याऐवजी आयडब्ल्यूडी. आणि सर्वांत वर तुम्हाला कोपऱ्यात दिसणारं चिन्ह, म्हणजे नेटवर्कमॅनेजर. तपासणी नेहमी खालून वर करायची. वरच्या चिन्हावर कितीही वेळा क्लिक केलं तरी खाली फर्मवेअरची फाइलच नसेल तर काही होणार नाही.

आधी केलेले बदल मागे घ्या

ड्रायव्हर लावण्याच्या सूचना ठेवणाऱ्या /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये तुम्ही स्वतः तयार केलेल्या फाइली शोधा. त्यात ‘ब्लॅकलिस्ट’ने (हा ड्रायव्हर लावू नकोस) किंवा ‘ऑप्शन्स’ने (त्याला हे पर्याय दे) सुरू होणाऱ्या ओळी असतील. त्या फाइली पुसू नका, दुसरीकडे हलवून ठेवा. नंतर ‘डीकेएमएस स्टेटस’ (डीकेएमएस म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर कंपाइल करून बसवणारी व्यवस्था) चालवून बाहेरून बसवलेला ड्रायव्हर यादीत आहे का पाहा आणि असेल तर काढून टाका. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वितरणांवर एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्लॅकलिस्टच्या फाइलींची एक प्रत बूट होताना वापरल्या जाणाऱ्या इनिटरामएफएसमध्ये गेलेली असते. त्यामुळे ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवल्याशिवाय साफसफाई पूर्ण होत नाही.

मग मशीन रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करा. हा फरक महत्त्वाचा आहे. रीस्टार्टमध्ये कार्डाचा वीजपुरवठा बहुतेक वेळा तुटत नाही, त्यामुळे आधीच्या ड्रायव्हरनं कार्ड ज्या अवस्थेत सोडलं त्याच अवस्थेत ते नव्या ड्रायव्हरच्या हाती येतं. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केल्यावरही खऱ्या अर्थानं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि कार्ड लिनक्सला प्रतिसाद देत नाही. ‘काल चालत होतं, विंडोजमध्ये जाऊन आलो आणि आज दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

वायफाय नसताना इंटरनेट आणायचं कसं, हा प्रश्न आता येईलच. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन लिनक्सला तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुढची सगळी कामं याच जोडणीवर करता येतात.

कार्डाची खरी ओळख

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात अपूर्णविरामानं जोडलेले दोन आकडे असतील, उदाहरणार्थ ८०८६:२७२३. पहिला आकडा उत्पादकाचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. वर दिलेलं उदाहरण इंटेलच्या एएक्स२०० या कार्डाचं आहे.

लॅपटॉपचं मॉडेल शोधून उपाय शोधू नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात. यूएसबी डोंगलच्या बाबतीत तर बाहेरचं नाव आणि खोका तोच ठेवून आतली चिप बदललेली असते. मदत शोधताना हे दोन आकडेच वापरा.

नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीखाली आणखी दोन ओळी पाहा: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ (मॉड्यूल म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा). पहिली ओळ असेल तर ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घेतलंय, बिघाड त्याच्या वर आहे. पहिली नाही पण दुसरी आहे, म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर आहे पण लागलेला नाही. बहुतेकदा फर्मवेअर नाही, ब्लॅकलिस्ट झालंय किंवा सिक्युअर बूटनं (सही नसलेला कोड अडवणारी सोय) अडवलंय. दोन्ही ओळी नाहीत, म्हणजे तुमच्या कर्नलला ही चिप माहीतच नाही. आणि यादीत कार्डच नसेल तर प्रश्न लिनक्सच्याही खालचा आहे: बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलेलं आहे, कार्ड सैल झालंय किंवा मेलंय. कधी ओळीच्या शेवटी ‘आरईव्ही एफएफ’ असं दिसतं. त्याचा अर्थ कार्ड होतं, पण आता बसवरून तुटलंय. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर असं झालं असेल तर बिघाड वीज वाचवण्याच्या व्यवस्थेत शोधायचा. त्यावर पुढे लिहिलंय.

यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’ वापरा. तिथे एक खास फसगत आहे. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. ०बीडीए:१ए२बी हा आकडा दिसला तर हाच प्रकार. फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती सीडी ‘इजेक्ट’ करा. डोंगल रूप बदलतं, नव्या आकड्यानं पुन्हा प्रकट होतं आणि मग ड्रायव्हर लागतो. हे दर वेळी आपोआप व्हावं म्हणून यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेज आहे.

फर्मवेअर आणि त्यातल्या फसव्या ओळी

आता ‘सुडो डीमेसेज’ चालवून, म्हणजे कर्नलच्या नोंदी उघडून, त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ दिसली तर घाबरायचं कारण नाही, पण सोडूनही द्यायची नाही. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. ड्रायव्हरला /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल हवी होती.

इंटेलच्या कार्डांबाबत इथे हमखास चुकीचा निष्कर्ष काढला जातो. त्यांचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर आधी सर्वांत नवी फर्मवेअर आवृत्ती मागतो, ती नसेल तर एक एक आकडा खाली येत जातो. त्यामुळे अपयशाच्या बऱ्याच ओळी ओळीनं दिसतात आणि शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ येतं. ती शेवटची ओळ आली तर वरच्या सगळ्या ओळी निरुपद्रवी आहेत. तसंच ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ नावाची फाइल सापडली नाही अशी तक्रार दिसते. ती फाइल फक्त विकासकांच्या तपासणीसाठी असते, तुम्हाला ती लागत नाही. या एका ओळीपायी लोकांनी अख्खी सिस्टिम पुन्हा बसवलेली मी पाहिलीय, आणि खरा बिघाड दुसरीकडेच होता.

‘लोडेड’ ओळ आलीच नाही तर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करा. डेबियनमध्ये फर्मवेअर वेगळ्या पॅकेजांत विभागलेलं आहे: इंटेलचं फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकचं फर्मवेअर-रिअलटेक. डेबियन १२ येईपर्यंत, म्हणजे जून २०२३ पर्यंत, डेबियनच्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये ही फर्मवेअर्स नसायची, कारण त्यांचा सोर्स कोड खुला नाही. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून ती इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. खुल्या सॉफ्टवेअरचं तत्त्व मला मनापासून प्रिय आहे, तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. पहिल्याच दिवशी नेटवर्कशिवाय अडकलेला माणूस तत्त्व समजून घ्यायला थांबत नाही, निघून जातो. तुम्ही जुन्या लेखांतली डेबियनची माहिती वाचत असाल तर लेखाची तारीख नक्की पाहा.

फर्मवेअर आहे पण ‘एरर -११०’ दिसतोय, तर अर्थ वेगळा. ११० म्हणजे वेळ संपली, कार्डानं उत्तरच दिलं नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. अडकलेलं कार्ड यानं बऱ्याचदा मोकळं होतं.

कोणत्या चिपला काय लागतं

इंटेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फर्मवेअर आणि कर्नल पुरेसे नवे असले की काम होतं. जुन्या अ‍ॅथेरॉस कार्डांचा एटीएच९के ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्ये आहे आणि पीसीआय कार्डांवर त्याला फर्मवेअरही लागत नाही. जुन्या लॅपटॉपात हे कार्ड असेल तर काढू नका. मीडियाटेकच्या एमटी७९२१ला २०२१ मधल्या ५.१२ किंवा त्यापुढचा कर्नल हवा.

खरा गुंता रिअलटेक आणि ब्रॉडकॉमचा.

रिअलटेकच्या अनेक चिपांना पूर्वी कर्नलमध्ये ड्रायव्हर नव्हता, म्हणून लोक बाहेरचा कोड आणून डीकेएमएसनं बसवत. त्या काळातले सल्ले अजून सगळीकडे फिरतात. पण आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ सोबत आला. लॅपटॉपांत फार दिसणारी आरटीएल८८२१सीई ही चिप २०२० मध्ये ५.९ पासून त्यात आली, आणि २०२३ मधल्या ६.२ पासून त्यातल्या काही यूएसबी चिपाही चालू लागल्या. वायफाय ६ च्या चिपांसाठीचा आरटीडब्ल्यू८९ हा ड्रायव्हर २०२२ च्या सुरुवातीच्या ५.१६ मध्ये आला. म्हणजे आजच्या उबुंटूवर यातली बहुतेक कार्डं काहीही न बसवता चालायला हवीत.

तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे ती इथेच. बाहेरून आणलेला ८८२१सीई मॉड्यूल आणि कर्नलचा आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई मॉड्यूल, दोघेही एकाच कार्डावर हक्क सांगतात. बूट होताना जो आधी लागेल तो कार्ड घेतो. म्हणून नेटवर्क कधी दिसतं, कधी नाही. ‘एलएसमॉड’ चालवून लागलेल्या मॉड्यूलच्या यादीत दोन्ही नावं एकदम दिसतात का पाहा. दिसली तर बाहेरचा मॉड्यूल काढा, कर्नलच्या ड्रायव्हरला आधी संधी द्या. बाहेरचा ड्रायव्हर दर कर्नल अपडेटनंतर नव्यानं कंपाइल व्हावा लागतो, त्याला त्या कर्नलचे हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) लागतात, आणि कर्नलची आतली रचना बदलली की तो कंपाइल होत नाही. ‘अपडेट केलं आणि वायफाय गेलं’ यामागे बहुतांश वेळा हेच असतं. कर्नलमध्ये ड्रायव्हर उपलब्ध असताना बाहेरचा बसवायला माझा ठाम विरोध आहे, बाहेरच्याचा वेग थोडा जास्त मिळत असला तरी.

रिअलटेकचाच आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. आरटीएल८७२३बीई या चिपवर राउटरच्या शेजारी बसलं की चालतं आणि पलीकडच्या खोलीत गेलं की सिग्नल जातो. कारण असं, की कार्डाला दोन अँटेनांची सोय असते पण लॅपटॉपात एकच तार जोडलेली असते, आणि कार्डाच्या स्मृतीत चुकीची नोंद असल्यामुळे ड्रायव्हर रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. मॉडप्रोबच्या ऑप्शन्सच्या ओळीत आरटीएल८७२३बीई साठी ‘एएनटी_एसईएल’ची किंमत आधी १ आणि जमलं नाही तर २ देऊन पाहा. दोनपैकी एका आकड्यावर सिग्नल एकदम वर येतो.

ब्रॉडकॉमच्या चिपांना बी४३, बीआरसीएमएसमॅक, बीआरसीएमएफमॅक आणि डब्ल्यूएल असे चार ड्रायव्हर आहेत आणि एका चिपला सहसा एखादाच धड चालतो. शेवटचा सोडून बाकी खुले आहेत. बीसीएम४३१४२ किंवा बीसीएम४३६० असेल तर बंद कोडचा डब्ल्यूएल लागतोच. उबुंटूमध्ये तो ‘अतिरिक्त ड्रायव्हर’च्या खिडकीतून बसवता येतो. बी४३ आणि डब्ल्यूएल एकत्र लागू देऊ नका.

सिक्युअर बूट

बाहेरचा मॉड्यूल बसवणं भागच असेल, डब्ल्यूएलसारखा, तर ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ चालवून सिक्युअर बूट चालू आहे का पाहा. चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल कर्नल घेत नाही. ‘मॉडप्रोब’ कमांडनं तो लावताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. असा मॉड्यूल बसवताना उबुंटू एक पासवर्ड मागतं आणि पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मोक’ (सहीची किल्ली नोंदवा) असा पर्याय येतो. तिथे तो पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण ती स्क्रीन काय आहे हे न कळल्यामुळे सरळ ‘कंटिन्यू’ दाबून पुढे जातात, आणि मग ड्रायव्हर बसूनही लागत नाही. पुन्हा बसवलं की ती स्क्रीन पुन्हा येते. सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग आहे, पण आधी किल्ली नोंदवून पाहावी असं मी सुचवेन.

रेडिओच बंद असेल तर

‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’नं सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कोणतीही कमांड ते उघडू शकत नाही, कारण ती अवस्था हार्डवेअरकडून येते. लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण, वायफायची फंक्शन की किंवा बायोस पाहा. असं कोणतंही बटण नसताना हार्ड ब्लॉक दिसत असेल तर लॅपटॉपच्या खास कळा सांभाळणाऱ्या मॉड्यूलवर संशय घ्या. आयडियापॅड लॅपटॉप किंवा एसर डब्ल्यूएमआय अशी त्यांची नावं असतात, आणि काही मॉडेलांवर ते नसलेल्या बटणाची खोटी अवस्था कळवतात. तो मॉड्यूल ‘मॉडप्रोब -आर’नं तात्पुरता काढून पाहा, ब्लॉक गेला तरच ब्लॅकलिस्ट करा.

नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही

इथून पुढे कार्ड आणि ड्रायव्हर ठीक आहेत असं धरायचं. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ चालवा. कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं तर नेटवर्कमॅनेजरला त्या कार्डाला हात लावू नकोस असं कुणीतरी सांगितलंय. डेबियनमध्ये /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये कार्डाचं नाव लिहिलेलं असलं की असं होतं. ती ओळ काढा. ‘अनअव्हेलेबल’ दिसलं तर आरएफकिल परत पाहा आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट चालू आहे का तपासा. सप्लिकंट आणि आयडब्ल्यूडी दोन्ही एकदम चालू असतील तर एक बंद करा.

पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ वाचा. ‘फोर-वे हँडशेक फेल्ड’ असेल तर आधी पासवर्डच तपासा. सेव्ह केलेली जोडणी पुसून नव्यानं करा, कारण जुना पासवर्ड तिथे चिकटून राहतो. पासवर्ड नक्की बरोबर असेल तर राउटरवरचा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र प्रकार काढून तात्पुरता निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवून पाहा. काही जुन्या चिपांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, मिश्र प्रकार झेपत नाही. काही यूएसबी डोंगलांना स्कॅन करताना बदलत राहणारा मॅक पत्ता (कार्डाची नेटवर्कवरची ओळख) चालत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस’ला ‘नो’ दिलं की ते जोडले जातात.

शेजारच्या फोनला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ चालवा. देशाच्या जागी ‘००’ असेल तर कर्नल सर्वांत सावध नियम लावतो. २.४ गिगाहर्ट्झच्या १२ आणि १३ या चॅनलवर आणि ५ गिगाहर्ट्झवर कार्ड फक्त ऐकतं, आपणहून हाक देत नाही. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ पुढे आपल्या देशाची दोन अक्षरी खूण द्या. दुसऱ्या देशाची खूण देऊन जास्त चॅनल किंवा जास्त शक्ती मिळवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. यातले काही नियम विमानतळ-हवामानाच्या रडारांना अडथळा होऊ नये म्हणून आहेत. राउटर रडारच्या वाट्याच्या चॅनलवर असेल तर सुरू झाल्यावर किमान एक मिनिट तो स्वतःही गप्प राहून ऐकतो, त्यामुळे नेटवर्क उशिरा दिसणं हा बिघाड नव्हे.

जोडलेलं आहे, पण मधूनच तुटतं किंवा संथ आहे

‘आयडब्ल्यू डेव्ह’नं कार्डाचं नाव मिळेल, डब्ल्यूएलपी३एस० यासारखं. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’, ते नाव आणि ‘लिंक’ अशी कमांड द्या. सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसेल. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६५ पर्यंत चांगला, उणे ८० ला तुटणं स्वाभाविक. सिग्नल चांगला असूनही तुटत असेल तर पहिला संशय पॉवर सेव्हवर. त्याच कमांडमध्ये ‘लिंक’ऐवजी ‘सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ द्या आणि तासभर वापरून पाहा. फरक पडला तर ते कायमचं करा: /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मधल्या फाइलमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत ३ ऐवजी २ करा. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद.

एवढ्यानं भागलं नाही आणि कार्ड रिअलटेकचं आहे, तर पीसीआय बसची वीजबचत पाहा. आरटीडब्ल्यू८८_पीसीआय या मॉड्यूलला ‘डिसेबल_एएसपीएम’, आरटीडब्ल्यू८८_कोअरला ‘डिसेबल_एलपीएस_डीप’ असे पर्याय आहेत. दोघांना ‘वाय’ ही किंमत द्या, पण एका वेळी एकच, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. झोपेतून उठल्यावर बसवरून गायब होणाऱ्या कार्डांनाही याचा उपयोग होतो.

इंटेलच्या कार्डावर तुटण्याचा उपाय म्हणून ‘११एन_डिसेबल=१’ ही ओळ हमखास सुचवली जाते. तिनं तुटणं थांबतंही, पण तो पर्याय ८०२.११एन आणि त्यापुढची सगळी मानकं बंद करतो, त्यामुळे वेग सेकंदाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिटवर येतो. वायफाय फार संथ आहे म्हणून येणाऱ्या लोकांच्या मॉडप्रोबच्या फोल्डरात ही विसरलेली ओळ मला वारंवार सापडते.

ब्लूटूथ हेडफोन लावला की वायफाय अडखळत असेल तर दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहेत. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, बाकी काही करू नका. यूएसबी डोंगलचा सिग्नल विनाकारण कमी असेल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टमधून काढा किंवा छोट्या एक्सटेन्शन केबलनं लांब करा. यूएसबी ३ च्या वहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनं स्वतः २०१२ मध्ये मोजून दाखवलंय.

आणि राउटरला पिंग पोचतं, ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यालाही पोचतं, पण ब्राउझर उघडत नाही, तर वायफाय पूर्ण बरं आहे. नाव शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये अडचण आहे, ड्रायव्हर सोडून तिकडे वळा.

नवा कर्नल हवा की जुना

कार्ड नवं आणि वितरण जुनं असेल तर नवा कर्नल लागतो. तो बसवण्याआधी ताज्या वितरणाचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून बूट करा. डिस्कवर काही न बदलता पाच मिनिटांत कळतं की कार्ड नव्या कर्नलवर चालतं का. उलट, परवापर्यंत चालणारं कार्ड अपडेटनंतर बंद पडलं असेल तर ग्रबच्या (बूट होताना सिस्टिम निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर चाललं तर तुमचं कार्ड शाबूत आहे.

कार्ड बदलायचंच ठरलं तर

लाइव्ह पेनड्राइव्हवरही नाही चाललं, तर कार्ड बदलणं शहाणपणाचं. एम.२ खाच असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावं जवळजवळ तशीच, पण ती वेगळी जात आहे. त्यांच्यात वायफायचा अर्धा भाग कार्डावर नसून इंटेलच्या प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या लॅपटॉपात ती चालत नाहीत. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांचे आणि एम.२ कार्डांचे अँटेनाचे खटके वेगळ्या मापाचे असतात, जोर लावून बसवू नका. काही लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो. तसा असेल तर बूट होतानाच अनोळखी कार्डाची सूचना येते. आपल्या मॉडेलबद्दल हे घेण्याआधी पाहून ठेवा. यूएसबी डोंगल घ्यायचा तर खोक्यावरच्या लिनक्सच्या चित्रावर विसंबू नका. चिपचं नाव काढा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे ना, एवढं पाहा.

तुमच्यापुरतं पुढचं पाऊल: सुरुवातीला सांगितलेली साफसफाई करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा, आणि मला चार गोष्टी पाठवा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधला नेटवर्क कंट्रोलरचा भाग, ‘यूनेम -आर’चं उत्तर (कर्नलची आवृत्ती), ‘आरएफकिल लिस्ट’, आणि डीमेसेजमधल्या ड्रायव्हरच्या नावाच्या सगळ्या ओळी, काटछाट न करता. डीमेसेजमध्ये मॅक पत्ता असेल तर तेवढा झाका.